पैले जमीन, मंग माणसं, मंग सोय

बहात्तरच्या दुष्काळात मंठ्याच्या बाजारात रबरी बूट घालून फिरणारा एकच माणूस होता. बूट काळे, गुडघ्यापर्यंत येणारे, मिलिटरीचे. त्या वर्षी मंठ्यात चिखल नव्हता. चिखल व्हायला पाणी लागतं, आणि पाणी प्यायलाही नव्हतं. बैल विकायला आलेली माणसं त्या बुटांकडे बघत, मग आभाळाकडे बघत, आणि पुढे जात.

बूट घालणाऱ्याचं नाव लिंबाजी खरात. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांचं गाव मंठ्यापासून चालत जाण्याइतकं जवळ होतं. मी तेव्हा जालन्याच्या एका साप्ताहिकासाठी बाजारभाव आणि दुष्काळी कामांच्या बातम्या गोळा करत असे, आणि बाजाराच्या दिवशी मंठ्याला जात असे. पहिल्याच भेटीत मी त्यांना बूट कशासाठी, असं विचारलं.

"जळवा," हवालदार म्हणाले.

मी आजूबाजूला पाहिलं. रस्त्यावर फुफाटा होता.

"इथं न्हाईत. तिथं हायेत. पायाला आदत पाहिजे."

'तिथं' म्हणजे बेटावर. नोकरीची शेवटची वर्षं हवालदारांनी एका बेटावर रस्ता बांधण्यात घालवली होती. हे बेट अंदमानच्याही बरंच खाली आहे. त्यांच्या गावच्या शाळेतल्या नकाशात ते दिसत नसे, कारण नकाशाच्या खालच्या काठीला कागद गुंडाळला होता आणि बेट त्या गुंडाळीत गेलं होतं. हवालदारांनी एकदा मास्तरांच्या परवानगीनं खिळे उपटून बेट मोकळं केलं. मग काठी निघाली ती निघालीच, आणि नकाशा वाऱ्यानं फाटू नये म्हणून मास्तरांनी तो कपाटात ठेवला. त्यामुळे बेटाबरोबर बाकीचा भारतही दिसेनासा झाला.

सरकार त्या काळी माजी सैनिकांना त्या बेटावर जमीन देत होतं. जंगल तोडायचं, घर बांधायचं, राहायचं. हवालदारांचा अर्ज मंजूर झाला होता. त्यांच्या वडिलांनी जन्मभर दुसऱ्यांची ज्वारी काढली, फौजेत जाण्याआधी त्यांनीही तेच केलं. खरातांच्या नावावर जमीन असल्याचं गावात कोणाच्या आठवणीत नव्हतं. आता जमीन होती. फक्त ती समुद्रात होती.

अडचण एकच होती, आणि ती हवालदार लपवत नसत. त्यांची बायको कौसाबाई यायला तयार होती, पण तिची अट होती : जात्याला दुसरी बाई पाहिजे.

गावात गिरणी आली होती. तरी कौसाबाई आणि तिची जाऊ रोज पहाटे समोरासमोर बसून दळत. एरवी कौसाबाई फार बोलत नसे. जे काही बोलायचं, मुलीच्या सासरचं, पायाच्या दुखण्याचं, नवऱ्याच्या बुटांचं, ते जात्यावर बोलायची किंवा ओवीत घालायची. जाऊ गाव सोडणार नव्हती. तेव्हा आपल्या भागातलं एक तरी बिऱ्हाड शेजारी राहायला येत असेल तर निघू, नाही तर नाही. हवालदारांनी फौजेत असताना बरेच हुकूम ऐकले होते, त्यांतला हा त्यांना सर्वांत स्पष्ट वाटला. ते बिऱ्हाड शोधायला लागले.

शोधायची जागा मजीदभाईंचं हॉटेल. बाजाराच्या दिवशी तिथं सगळा तालुका चहा प्यायचा. हवालदार बाकावर बसत, बूट समोर ठेवल्यासारखे पाय लांब करत, आणि शेजारी जो असेल त्याला बेटाची माहिती देत. क्रम ठरलेला होता. "पैले जमीन, मंग माणसं, मंग सोय." मध्येच कोणी सोयीचं विचारलं तर ते हात वर करून थांबवत आणि पुन्हा जमिनीपासून सुरू करत.

जमीन काळी आहे, पण भुसभुशीत. काठी रोवली तर तिला पालवी फुटते. पाऊस वर्षातले बरेच महिने पडतो. खडी फोडायच्या कामावरून आलेली, रेशनच्या मिलोची, म्हणजे परदेशी ज्वारीची, लाल भाकर खाऊन कंटाळलेली माणसं जवळ सरकत. काही जण एवढंच ऐकायला येत. "पडून राह्यला, पडून राह्यला, पंधरा पंधरा दिवस पडून राह्यला," हवालदार सांगत. कोणीतरी म्हणे, अजून एकदा सांगा.

माणसं थोडी. मूळची माणसं किनाऱ्यावर राहतात, खांबांवरच्या घरात. कमी बोलतात. "त्यांच्या नारळाला इचारल्याबिगर हात लावायचा न्हाई. एवढं पाळलं की झालं." बाकी सगळे आपल्यासारखेच, कुठून कुठून आलेले. मग हवालदार जरा हळू बोलत. तिथं विहीर कोणाची हा प्रश्न नाही, कारण विहीरच नाही. पाणी झऱ्याचं. घागर लावायची आणि भरायची. या वाक्यावर हॉटेलातले काही जण चहाच्या बशीत बघत, काही जण हवालदारांकडे बघत. मजीदभाई दोघांनाही सारखंच पाणी देत असत.

सोय हा भाग सर्वांत मोठा होता. काडेपेटी डब्यात ठेवायची, नाही तर पेटत नाही. मिठाला पाणी सुटतं. धोतर वाळायला चार दिवस लागतात, म्हणून धोतर आणूच नये. हिवतापाची गोळी चुकवायची नाही. परतूरहून रेल्वे, पुढे सिकंदराबाद, मद्रास, मग बोट. बोटीत पहिला दिवस काही खायचं नाही, दुसऱ्या दिवशी खायची इच्छा राहत नाही, तिसऱ्या दिवशी माणूस आपोआप बरा होतो. प्रत्येक मुद्द्यानंतर हवालदार विचारत, "बराबर?" समोरचा मान हलवत असे. नसेल हलवली तर मुद्दा पुन्हा.

लोकांनी त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही असं नाही. बोटीतून तीन दिवस नुसतं पाणी दिसतं, हे त्यांनी मान्य केलं. बेटावर अधूनमधून होणारा, घर हलवणारा भूकंपही मान्य केला. अडचण खेकड्याची झाली. बेटावर एक खेकडा आहे, तो नारळाच्या झाडावर चढतो आणि नांगीनं नारळ फोडतो, असं हवालदारांनी सांगितलं. हे खरं आहे, मी नंतर जाणकारांकडून खात्री करून घेतली. पण मंठ्यात ते चाललं नाही.

"हवालदार, बारिश मान ली, जळवा मान ली," मजीदभाई म्हणाले. "लेकिन खेकडा झाडपर नहीं चढता."

"बिलकुल चढतो."

"उतरता कैसा?"

हवालदार थांबले. उतरताना त्यांनी पाहिला नव्हता, आणि न पाहिलेलं ते सांगत नसत. हा प्रामाणिकपणा त्यांना महागात पडला. पुढचे कित्येक बाजार 'खेकडा उतरला का' हा प्रश्न त्यांना वाण्याच्या दुकानापासून एसटीच्या थांब्यापर्यंत ऐकावा लागला. मी एकदा सुचवलं की खेकडा वगळा. ते म्हणाले, उद्या मी घेऊन गेलेल्या माणसाच्या घरावर खेकडा चढला तर तो म्हणेल, खरातानं सांगितलं नव्हतं.

खरा पेच वेगळाच होता. एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं शांतपणे सगळी माहिती ऐकून विचारलं, ज्वारी कशी येते?

"ज्वारी येत न्हाई," हवालदार म्हणाले. "पाऊस जास्ती हाये. भात येतो."

"मंग भाकर?"

"भात."

"भाकर न्हाई," म्हाताऱ्यानं बाकीच्यांना कळवलं, आणि तो उठला. मजीदभाईंच्या पोऱ्यानं कपबशी उचलता उचलता विचारलं, की भाकर नाही तर जातं कशाला नेता, समुद्र दळायला का? सगळे हसले. हवालदार हसले नाहीत. त्या दिवशी पहिल्यांदाच ते सोय अर्धवट टाकून निघाले. ज्वारीची गोष्ट त्यांनी घरी सांगितली नव्हती, हे मला त्यांच्या चालण्यावरून कळलं. रबरी बुटात माणूस घाईनं चालला की फार आवाज होतो.

तरीही एक बिऱ्हाड मिळालं. उत्तम नावाचा एक तरुण मजूर होता. पाझर तलावाच्या कामावर माती वाहायचा. बायको धडधाकट, दोन पोरं. उत्तमनं तिन्ही भाग ऐकले, खेकड्यालाही हरकत घेतली नाही. हवालदारांनी त्याला आपल्या घरी नेलं. उत्तमची बायको आणि कौसाबाई एक दिवस जात्यावर बसल्या आणि दोघींचा हात जुळला, असा निकाल आला. हवालदारांनी जालन्याहून उत्तमसाठी बूट मागवले. ते मीच नेऊन दिले. पुढच्या वर्षी दिवाळीनंतरच्या बोटीनं निघायचं ठरलं.

मग पावसाळ्यात पाऊस झाला. चांगला झाला. एका बाजाराला उत्तम हॉटेलात आला तो बूट हातात घेऊन. एका मोठ्या शेतकऱ्यानं त्याला वर्षभराच्या मजुरीवर, सालावर, ठेवलं होतं. तो हवालदारांसमोर उभा राहून म्हणाला, "काका, इथंच पाऊस आला आता. मंग तिकडं कशाला?"

हवालदारांनी बूट घेतले. त्याला बसवलं, चहा पाजला. बेटाचा विषय काढला नाही. उत्तम गेल्यावर त्यांनी मला जमिनीपासून सगळी माहिती सांगायला सुरुवात केली. मी ती अनेकदा ऐकली होती. मध्येच थांबून त्यांनी विचारलं, "तुमचं लग्न झालं न्हाई ना अजून?" मी नाही म्हणालो. ते म्हणाले, बराबर, आणि उत्तमचे बूट उचलून निघाले.

त्यानंतरच्या दोन बाजारांना हवालदार आले नाहीत. दिवाळी जवळ येत होती. लोक मजीदभाईंना विचारत, खेकडा कुठं गेला. तिसऱ्या बाजाराला मजीदभाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, जाके देखो एक बार, आदमी ठीक है क्या. चहाची पूड एका पुडीत बांधून दिली.

मी रात्री मंठ्यालाच राहिलो आणि सकाळी लवकर चालत निघालो. पोचलो तेव्हा नुकतं उजाडलं होतं. हवालदारांचं घर गावाच्या कडेला, बुद्धविहाराच्या पलीकडे. दाराशी बूट उभे होते, एकाला एक लावून, कवायतीत उभे केल्यासारखे. ते बूट हवालदारांशिवाय मी प्रथमच पाहत होतो. आत जातं चालू होतं. मला वाटलं, जाऊ आली असेल.

जात्यावर एका बाजूला कौसाबाई होती. दुसऱ्या बाजूला हवालदार होते. एक पाय लांब केलेला, एक दुमडलेला, खुंट्यावर कौसाबाईच्या हाताशेजारी हात. त्यांचे पाय मी तोवर पाहिलेच नव्हते. गुडघ्याखाली ते पांढुरके आणि सुरकुतलेले होते, पाण्यात बराच वेळ राहिलेल्या माणसाच्या पायांसारखे.

मला पाहून ते उठायला लागले. कौसाबाई म्हणाली, "दळण टाकून उठू नये." ते बसले. मला म्हणाली, "भाऊ, बसा. ह्यांचा हात जड हाये अजून. पण जमंल."

हवालदारांनी मला अहवाल दिल्यासारखं सांगितलं, की दुसरं बिऱ्हाड मिळालं नाही, तेव्हा दुसरी बाई आपणच व्हायचं ठरवलं आहे. शेजारपाजारचे हसतात. जाऊ येऊन शिकवून जाते आणि तीही हसते. बोट चुकवायची नाही.

मी कौसाबाईला विचारलं, तिथं ज्वारी होत नाही हे तुम्हाला माहीत आहे का. विचारल्यावर मला वाटलं की विचारायला नको होतं. हवालदार जात्याच्या पाळीकडे बघू लागले.

"म्हाईत हाये. उत्तमच्या बायकोनं सांगितलं व्हतं," ती म्हणाली. "तांदूळ दळीन. तांदळाचीबी भाकर होती. काही नसलं तर मीठ दळीन. मला काय पिठाचं पडलंय? समोर कोणी पाहिजे."

हवालदार म्हणाले, "म्या तिला ते सांगणारच व्हतो. सोयीत येतं ते."

"वढा," कौसाबाई म्हणाली.

जातं फिरू लागलं. ती ओवी म्हणू लागली. ओवीची ओळ एकीनं म्हणायची, दुसरीनं उचलायची, अशी रीत आहे. हवालदारांना ओव्या येत नव्हत्या. पहिली ओळ संपली की ती क्षणभर थांबायची, आणि ते दुसऱ्या बाईच्या जागी म्हणायचे, "बराबर." ती हसायची नाही. हे त्यांचं आधीच ठरलेलं दिसलं.

थोड्या वेळानं तिनं मुलीवरची ओवी घेतली. मुलगी एकच, परतूरला दिलेली.

परतूराच्या शिवंला, लेक माझी गं नांदती
समुंदराच्या आडून, तिला कशी मी दिसती

मध्ये ती थांबली नाही. शेवटी थांबली. जातं फिरत होतं, पीठ पाळीत पडत होतं. हवालदारांनी खुंट्यावरचा हात जरा वर सरकवून घट्ट धरला आणि तिच्या वाट्याचं ओढणंही आपल्याकडे घेतलं.

"बराबर," ते म्हणाले.

कौसाबाईनं मूठभर ज्वारी जात्यात घातली आणि पुढची ओवी धरली.