सतरंजीवर बुडण्याची कला

संकट आल्यावर धावपळ करतं ते साधं सरकार. संकटाआधी तयारीला लागतं ते शहाणं सरकार. आणि संकट जिथे यायचं ती जागाच अजून जन्माला आलेली नसताना माणसं शिकवून तयार ठेवतं, त्याला थोर सरकार म्हणायला हवं. असलं थोरपण आपल्या वाट्याला आलं ते रेशनिंग उठलं त्याच्या पुढच्या सालात, ठाण्याजवळ कोलशेतच्या खाडीत.

त्याचं असं झालं. समुद्राच्या तळाखाली तेल असावं, असा संशय वरच्या एका कचेरीत कोणालातरी आला. तेल असलं तर समुद्रात मचाण बांधून भोक पाडावं लागणार. मचाणावर माणसं लागणार. माणसं म्हटली की आग, वादळ, स्फोट आणि बुडणं आलंच. आता भोक पाडायला यंत्र नव्हतं, ते चालवणारे जाणकार नव्हते आणि तेलाचा पत्ता तर अजिबातच नव्हता. रेशनिंग खात्यातून मोकळे झालेले कारकून मात्र मुबलक होते. तेव्हा काम शेवटाकडून सुरू करावं असं ठरलं, आणि 'सागरी तेलविहीर आपत्ती-निवारण शिक्षणवर्ग' उघडला गेला.

काठापासून दोन फळ्यांवरून चालत जाता येईल अशा बेतानं खाडीत सागवानी मचाण उभं राहिलं. मधोमध लोखंडी मनोरा (मोडीत काढलेल्या पाण्याच्या टाकीचा सांगाडा, लांबून बघितलं तर कोणाचीही खात्री पटावी). वर्गाचे मुख्य म्हणून दाबके साहेब आले. त्यांनी आजवर समुद्र दोनदा पाहिला होता, दोन्ही वेळा चौपाटीवर भेळ खाताना. पण रेशनिंगमध्ये त्यांचा असा दरारा होता की एका दुकानचं कार्ड दुसऱ्या दुकानात दाखवायची कोणाची छाती होत नसे.

अभ्यासक्रमात आपत्ती सहा होत्या: कोरडी आग, पावसाळी आग, वादळ, स्फोट, माणूस पाण्यात पडणं आणि वरिष्ठांची भेट. यांतली शेवटची तेवढी दरमहा खरोखर यायची, आणि तिच्यात वर्गाचा निकाल शंभर टक्के लागायचा. आगीसाठी आग लावायची नाही, कारण तेलाच्या विहिरीवर काडेपेटी आणायला बंदी असते. म्हणून 'आग' अशी पाटी टांगत आणि मंडळी तिच्याकडे पाहून गंभीर होत. पोहणं मुळीच शिकवत नसत. तो विषय खेळांच्या खात्याचा. शिवाय ज्याला पोहता येतं त्याचा वाचवणाऱ्यांवरचा विश्वास उडतो, असं दाबके साहेबांचं मत होतं, आणि ते खोटं आहे असं कोणी म्हणावं?

साहेबांची खरी करामत म्हणजे खाडीची वाटणी. दर माणसाला एक दुकान, ही शिस्त ज्या हातांनी लावली ते हात पाणी मोकळं कसं सोडतील! पत्र्याचे डबे बांधलेली एक दोरी खाडीत सोडून त्यांनी पूर्व आणि पश्चिम असे दोन विभाग पाडले. जो पूर्वेला बुडेल त्याला पूर्वेच्या तुकडीनं वाचवायचं, पश्चिमेला बुडेल त्याला पश्चिमेच्या. उगाच एकच माणूस दोनदा वाचला, असा गैरप्रकार नको.

आता वाचवायला कोणीतरी बुडणारा लागतो. म्हणून 'बुडणारा इसम (हंगामी)' अशी एक जागा मंजूर झाली, आणि तिच्यावर नेमला गेला डोंबिवलीचा त्र्यंबक सोहोनी.

त्र्यंबक बिचारा भला माणूस. रेशनिंगमध्ये होता तोवर कल्याणच्या पारनाक्यावरच्या श्रीपादराव बर्व्यांना असा जावई म्हणजे भूषण वाटायचं. रेशनिंग उठलं आणि भूषणही उठलं. श्रीपादरावांनी मुलीला, प्रमोदिनीला, बाळंतपणासाठी म्हणून कल्याणला नेलं ते नेलंच. बाळंतपण झालं, बारसं झालं, मुलगी भिंत धरून चालायला लागली, तरी प्रमोदिनी माहेरीच. त्र्यंबक न्यायला गेला की सासरे शांतपणे सुपारी कातरत म्हणायचे, "जावईबापू, कायम व्हा आणि घेऊन जा. हंगामी माणसाच्या घरी मी मुलगी पाठवत नाही." प्रमोदिनी दाराआडून नुसती बघायची. परत डोंबिवलीला येऊन त्र्यंबक स्वतःपुरता भात टाकायचा, आणि तोही करपायचा.

म्हणून तो जीव तोडून बुडायला शिकला. वर्गात बुडणं मचाणावरच, सतरंजीवर चाले. त्र्यंबक तिच्यावर पडून असे काही हातपाय झाडायचा, डोळे असे फिरवायचा, की बघणारे मनोऱ्याला घट्ट धरत. तोंडानं म्हणायचं ठरलेलं होतं: "मी, पूर्व विभागाचा इसम, बुडत आहे. कृपया दखल घ्यावी." पाण्यात घरच्या कोणाचं नाव घ्यायला मनाई होती, कारण त्यामुळे कामात भावना शिरतात.

अखेर परीक्षेचा दिवस उजाडला. त्र्यंबक उत्तीर्ण झाला तर जागा कायम होणार होती. हे कळताच श्रीपादराव लेकीला आणि नातीला घेऊन जातीनं खाडीच्या काठावर हजर झाले. कळव्यापासून लोक आले होते. चणेवालाही आला होता.

मुंबईहून आलेल्या परीक्षकांनी सतरंजी बघितली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "हे काय? पाण्यात बुडवा."

"पाण्यात?" दाबके साहेब क्षणभर गडबडले, मग सावरले. "अर्थात! सोहोनी, पाण्यात."

"साहेब, मला पोहता येत नाही हो," त्र्यंबक हळूच म्हणाला.

"उत्तम. म्हणजे नक्कल करावी लागणार नाही. अहो, घाबरता काय? वर दोन तुकड्या उभ्या आहेत."

त्र्यंबकानं काठाकडे पाहिलं. प्रमोदिनी कडेवर मुलगी घेऊन उभी होती. त्यानं चष्मा काढून खिशात ठेवला आणि पूर्वेच्या बाजूनं उडी घेतली.

पूर्वेच्या तुकडीचा मुख्य प्रभाकर तयारच होता. हातात रबराचं कडं, कड्याला दोर, चेहऱ्यावर कर्तव्य. त्र्यंबक वर आला, "मी, पूर्व विभागाचा इस..." म्हणाला आणि परत खाली गेला. प्रभाकरनं हात उगारला. पण ओहोटी लागली होती, आणि ओहोटीला कोणी रेशनिंग शिकवलेलं नव्हतं. तिनं त्र्यंबकाला उचललं आणि डब्यांच्या दोरीखालून सरळ पश्चिमेत नेऊन टाकलं.

प्रभाकरचा हात तसाच राहिला. "गेले की हो पलीकडे!" तो हळहळला. "आनंदराव, तुमच्याकडे आलेत बघा."

पश्चिमेचा मुख्य आनंद पाण्यावर वाकला. "आलेत खरे. पण नाव कुठे नोंदलंय?"

"पूर्वेला."

"मग मी कसा हात लावू? उद्या तुमच्या हिशेबात एक इसम कमी पडला तर बोलणी मला बसतील. तुम्ही ना-हरकत द्या, आत्ता काढतो."

"देतो की. पण साहेबांची सही लागेल."

साहेब सहीला तयार होते. पण परीक्षकांसमोर एकदम सही केली तर घाई दिसते, म्हणून ते आधी प्रभाकरनं लिहिलेली ना-हरकत वाचू लागले. काठावरचे लोक मोठ्या कौतुकानं बघत होते. "सोहोनी बुडतो मात्र झकास हं," एकजण म्हणाला. चणेवाल्याचा धंदा तेजीत होता.

इकडे त्र्यंबकाच्या नाकातोंडात पाणी गेलं. गंमत अशी, की पहिल्या गटांगळीला त्याला दोघांचंही म्हणणं पटलं. डोंबिवलीच्या कचेरीत त्यानंही माणसं अशीच परत पाठवली होती. दुसऱ्या गटांगळीला मात्र पटेनासं झालं. आपण मरतोय, खरोखर मरतोय, हे त्याला स्वच्छ कळलं. तो फार घाबरला. नियम विसरला, विभाग विसरला, आणि समोर सासरा उभा असताना, चारचौघांत, त्यानं बायकोला नावानं हाक मारली: "प्रमोदिनी!"

काठावर कुजबुज सुरू झाली. भल्या घरच्या माणसानं बायकोचं नाव असं ओरडावं म्हणजे काय!

"बाबा, ते खरंच बुडतायत!" प्रमोदिनी किंचाळली. "अहो, कोणीतरी काढा त्यांना!"

"गप्प बस," श्रीपादराव दबक्या आवाजात म्हणाले. "कायम होतोय."

प्रमोदिनीनं मुलगी त्यांच्या हातात कोंबली, पदर खोचला आणि चिखलात शिरली. काठावरच्या खुंटाला हद्दीची दोरी बांधलेली होती. ती तिनं सोडवली, टोक हातात धरलं आणि बाकीची डब्यांसकट भिरकावली. त्र्यंबकाच्या हाताला डबा लागला. ती छातीभर पाण्यात उभी राहून ओढत राहिली, आणि रडत राहिली, आणि ओढत राहिली.

दोरीच गेल्यामुळे आता विभाग उरले नव्हते. दोन्ही तुकड्या एकदम मोकळ्या झाल्या, आणि दोघांत सेवाज्येष्ठ कोण याची चौकशी सुरू झाली. ती चालू असतानाच त्र्यंबक चिखलात येऊन पडला.

परीक्षकांनी जागच्या जागी निकाल दिला. बुडणं: उत्कृष्ट. ओरडणं: सुस्पष्ट, परंतु खासगी. वाचणं: अनधिकृत इसमाकडून, सबब अग्राह्य. उमेदवार अनुत्तीर्ण.

"घटकाभर दम धरला असतास तर काय बिघडलं असतं?" श्रीपादराव लेकीवर कडाडले. "हातातोंडाशी आलेली नोकरी घालवलीस त्याची!"

"बाबा, मुलीला द्या इकडे," प्रमोदिनी म्हणाली. तिनं मुलगी घेतली, नवऱ्याचा हात धरला, आणि तिघं कोलशेतच्या रस्त्यानं चालू लागली. त्र्यंबक कुडकुडत होता. मध्येच थांबून तो म्हणाला, "अगं, घरी भात करपलेला आहे." ती म्हणाली, "असू दे." त्याला इतकं बरं वाटलं की तो रस्त्यातच रडला.

वर्गाचा अहवाल पुढे यथावकाश छापून आला. त्यात म्हटलं होतं की काठावर सुमारे चारशे लोक हजर असून एक वगळता कोणीही कामात व्यत्यय आणला नाही. शिस्तीचं हे प्रमाण अन्य देशांत क्वचितच आढळावं. खऱ्या मचाणांवर असलेच लोक लागतील, तरी अशांची नावं गोळा करून ठेवावीत, अशी दाबके साहेबांची शिफारस होती.

तेव्हा वाचकहो, एक सांगायचं राहिलं. त्र्यंबक गटांगळ्या खात होता, त्या वेळी तुम्हीही होतात. आम्ही तुमच्याकडे पाहत होतो. प्रमोदिनी चिखलात उतरेपर्यंत तुम्ही जागचे हलला नाहीत. उलट आनंदराव आणि प्रभाकर काय बोलतात ते कान देऊन ऐकत होतात, आणि खोटं कशाला बोला, हसतही होतात. अर्ज करायची तसदी घेऊ नका. तुमचं नाव आम्ही साहेबांना कळवलं आहे.