गारोबाने फोन गार केला त्याची गोष्ट

या मंडळी, जरा पुढे सरकून बसा. हातातले फोन तेवढे पालथे ठेवा, कारण कथा त्यांच्याच जातभाईची आहे आणि घरातली गोष्ट चारचौघांत निघाली की कुणाचंही डोकं तापतं. एका भल्या माणसाने अगदी भल्या हेतूने एका दुपारी काय करून ठेवलं, ते सांगायचंय. हसू आलं तर खुशाल हसा. देवालाही त्या दिवशी हसू आवरलं नसणार.

हा भला माणूस शीतगृहात मशीनवर कामाला. सफरचंदं, बटाटे, लोणी, औषधं, सगळ्यांना थंडी वाजवायची हे त्याचं सव्वीस वर्षांचं काम. म्हणून सगळे त्याला गारोबा म्हणत. खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं. गारोबाचा दावा असा, की तापलेली कुठलीही वस्तू माझ्या हाती द्या, तासाभरात गार करून देतो. त्याची बायको ग्रंथपाल. तिच्यासमोर मात्र तो हा दावा हळू आवाजात करी, कारण तिचं तापणं त्याला एकदाही उतरवता आलं नव्हतं.

त्या दिवशी रात्रपाळीची झोप पुरी करून गारोबा दुपारी उठला, तर बायकोचा फोन चार्जिंगला लावलेला. न्यायचा विसरली होती. त्याचा स्वतःचा फोन बटणांचा, हॅलो म्हणण्यापुरता. बायकोच्या फोनवर मात्र एक खेळ होता, घाटातून मालाचा ट्रक वर चढवण्याचा, आणि तो गारोबाने गेले तीन महिने तिच्या नकळत चालवला होता. नियतीने रस्ता मोकळा केलाय म्हटल्यावर गाडी काढणं भागच होतं.

फोन उशीवर, चार्जरची वायर तशीच खोचलेली, अंगावर रजईसारखं जाड कव्हर, आणि ट्रक घाटात. दोन तास झाले. फोन इतका तापला की त्यावर पापड भाजता आला असता. मग ट्रक अडखळायला लागला. शेवटी पडद्यावर सूचना आली की मेमरी भरली आहे, जागा मोकळी करा.

आता दुसरा कुणी असता तर त्याने खेळ बंद करून फोन बाजूला ठेवला असता. पण गारोबाच्या मते हा प्रश्न त्याच्याच खात्याचा होता. कोठार भरलं की काय करायचं हे त्याला कोण शिकवणार? शीतगृहाचा एकच कायदा, भिंतीवर लाल रंगात लिहिलेला: आधी आलेला माल आधी बाहेर. जुनी पेटी मागे राहिली की सडते आणि शेजारच्या चार पेट्या सडवते. गारोबाने या कायद्याने सव्वीस वर्षांत एकही बटाटा वाया जाऊ दिला नव्हता.

त्याने फोनमधल्या फायली तारखेप्रमाणे लावल्या, सगळ्यांत जुन्या वर घेतल्या आणि दोनशे बारा नग निवडून काढून टाकले. आत काय आहे ते पाहिलं नाही. पेटी फोडून बघत बसलं तर ट्रक कधी भरायचे?

जागा काही मोकळी झाली नाही. खोदत खोदत त्याला आत एक कचरापेटी सापडली. काढलेला सगळा माल तिथे तुंबून बसलेला. ‘पेटी रिकामी करा’ वर त्याने बोट ठेवलं. फोनने विचारलं, कायमचं काढून टाकायचं का? गारोबाने ‘हो’ वर बोट नेलं, आणि त्याच क्षणी पडदा काळा झाला. फोन गतप्राण.

हात लावला तर चटका. इथे त्याच्यातला कारागीर जागा झाला. गरम माल एकदम थंडीत घालायचा नसतो, हे त्याला पक्कं ठाऊक. म्हणून त्याने पायऱ्या पाडल्या: आधी सावलीत, मग पंख्याखाली, मग फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात, भेंडी आणि कोथिंबीर यांच्या मध्ये. घड्याळ लावून चाळीस मिनिटं. फोन बाहेर काढला तेव्हा तो लोण्यासारखा गार होता.

बायको साडेपाचला आली. टेबलावरचा फोन उचलला, तर तो ओलाचिंब. आतून कॅमेऱ्याच्या भिंगावर धुकं.

“अहो, याला पाणी कसं सुटलंय?”

“ताप आला होता. घाम फुटला म्हणजे उतरला,” गारोबा म्हणाला.

तिने फोन पुसला आणि चालू केला. मग रोजच्यासारखी वाळलेले कपडे पुढ्यात घेऊन घड्या घालायला बसली. या वेळी ती रोज एकच गोष्ट ऐकायची: तिच्या आईचा आवाज. आई गाऊन कथा सांगायची, भक्ताची आणि देवाची, मध्येच दोन ओळी गात, मध्येच खोकत. पाच वर्षांपूर्वी लेकीने हा फोन घेतला तोच मुळी आईची एक कथा भरून ठेवायला. त्यानंतर दोन महिन्यांत आई गेली. बेचाळीस मिनिटं, एवढाच तो आवाज जगात उरला होता. आणि या फोनमध्ये पहिल्या दिवशी आलेला पहिला माल तोच होता.

तिने शोधलं. पुन्हा शोधलं. हातातला टॉवेल अर्धाच दुमडलेला राहिला.

गारोबा समोर येऊन बसला आणि त्याने ट्रकपासून कोथिंबिरीपर्यंत सगळं सांगून टाकलं. एकच गोष्ट सांगता येईना: बोट ‘हो’ वर आधी टेकलं, की फोन आधी मेला. आणि त्या पेटीला पुन्हा बोट लावायची हिंमत दोघांचीही होईना.

तिने टॉवेल बाजूला ठेवला आणि फोन उचलला.

“चला,” एवढंच म्हणाली.

कोपऱ्यावर फोन दुरुस्त करणाऱ्या ताईंचं दुकान आहे, कपाळावर भिंग, दातांत चिमटा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. गारोबा वाटेत देवाला इतकी आश्वासनं देऊन बसला होता, की ती पाळायला त्याला आणखी एक नोकरी धरावी लागली असती. ताईंनी आधी फ्रिजबद्दल विचारलं.

“काका, तुमच्याकडे थंड पेटी एकदम उन्हात काढली की काय होतं?”

गारोबा पुटपुटला, की घाम फुटतो. ड्रायव्हर लोकांना तो हे रोज ओरडून सांगतो.

“मग फोन काय जावई आहे?”

त्यांनी कचरापेटी उघडली. बायकोने डोळे मिटले. ताईंनी मोजलं: दोनशे बारा. सगळे जागेवर. काढलेला माल महिनाभर इथेच पडून असतो, म्हणाल्या. रिकामी करायच्या आधीच फोन तापून बंद पडला म्हणून वाचलात. गार असता तर गेलंच होतं.

त्यांनी पहिली फाइल जागेवर नेली आणि नीट चालते का बघायला मधूनच कुठूनतरी लावली. दुकानभर म्हातारीचा आवाज पसरला. गाणं थांबलं, खोकला झाला, आणि ती लेकीला म्हणाली, “त्यांना उठवू नकोस गं. रात्रपाळी करून आलेत. त्यांच्या वाट्याची कथा मी दोनदा सांगते, देवाच्या कानी पडली म्हणजे झालं.” आणि खरोखरच तिने तीच ओळ पुन्हा गायली.

गारोबाने ही कथा पाच वर्षांत एकदाही शेवटपर्यंत ऐकली नव्हती. सासूबाई गात होत्या तेव्हा तो पलीकडे घोरत होता, हेही त्याला आज कळलं. त्याने ताईंना विचारलं, हे माझ्या बटणांच्या फोनमध्ये बसेल का? नाही म्हणाल्या. मग तो तिथेच स्टुलावर बसला आणि उरलेली अकरा मिनिटं डोळे उघडे ठेवून ऐकली. बायको म्हणते, शेवटची दोन त्याने डुलकीत काढली. तो म्हणतो, ते डोलणं होतं.

तर मंडळी, फोन उशीवर ठेवू नका, चार्जिंगवर खेळू नका, आणि फोनमधलं काहीही काढायच्या आधी एकदा उघडून बघा. आणि आज कधी निवांत बसलात, तर त्या म्हातारीची आठवण काढा, जिने झोपलेल्या जावयासाठी एक ओळ जास्त गायली.