गोरीबाई नेमकी कोणाची?

केजच्या तहसीलमध्ये मी बावीस वर्षं वारसनोंदी लिहितोय. दोनशे वर्षांपूर्वीची विहीर आज कोणाची, हे मी चहा संपायच्या आत सांगतो! तेव्हा घरातल्या एका पुतळ्याचा इतिहास म्हणजे माझ्या हातचा मळ.

पुतळा संगमरवरी, हातभर उंच, घागर घेतलेल्या विलायती बाईचा. घरात तिला गोरीबाई म्हणतात. यंदा तिची मान तडकली आणि माझी आई, छबुबाई, धड जेवेना. शेवटी मी शहरातल्या एका संग्रहालयाला फोटो पाठवले. पुतळा एकोणिसाव्या शतकातला आहे, दुरुस्त करून परत देऊ, असं त्यांनी कळवलं. अट एकच. तो कोणाकडून कोणाकडे आला याचा पुरावा हवा. नाहीतर ते हात लावणार नव्हते, आणि मान फार दिवस तग धरणार नव्हती.

मी रजा टाकून चाळीस पानं लिहिली. माझ्या खापरपणजोबांनी मोमिनाबादच्या छावणीतल्या साहेबाला वाघापासून वाचवलं, साहेबानं खूश होऊन पुतळा दिला, वगैरे. वाघाला पुरावा नव्हता, पण वाघ झकास उतरला होता! मग घरात बजावलं, संग्रहालयाच्या मॅडम बघायला येतील तेव्हा वस्तू आपलीच आहे हे दिसलं पाहिजे.

आई हे मनावर घेईल, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. मॅडम यायच्या तासभर आधी मी पेढे घेऊन आलो, तर भांड्यांवर नावं टाकणारा सुग्रीव आमच्या ओसरीत मशीनची वायर गुंडाळत होता. आणि गोरीबाईच्या पायाशी ठळक अक्षरं: श्रीमती छबुबाई.

"आई, हे काय केलंस?"

"ताटावर टाकतो तसं नाव टाकलं. तूच म्हणलास, दिसलं पायजे."

मी भिंतीची पुट्टी आणून नाव बुजवलं आणि वर पंखा लावला. ती वाळायच्या आत मनीषा मॅडम हजर! त्यांनी बोट टेकवलं, बोट पांढरं झालं. त्यांनी माझ्याकडे इतकं शांतपणे बघितलं की मी चाळीस पानं पाठीमागे धरली.

त्यांनी ओलं फडकं मागितलं. पुट्टी निघाली, तिच्यासोबत कित्येक दिवाळ्यांचा चुना निघाला, आणि आईच्या नावाखाली दुसरं नाव दिसलं. त्याखाली मोडीत तिसरं. सगळ्यात खाली इंग्रजीत एक ओळ होती. मॅडमनी तिचा अर्थ सांगितला, "भिवराबाईस. माझी मुलगी तुमच्या हातांनी जगात आली. १८७१."

"भिवराबाई माझ्या आजीची आई. सुईण होती," आई म्हणाली. "तिनं लेकीला दिली, लेकीनं तिच्या लेकीला. माझ्या रुखवतात आली ही. तुझ्या बापाच्या घराण्याचा काय संबंध?"

"मग मला कावून न्हाई सांगितलंस?"

"तू कुठं इचारलंस? तू लिहीत बसलतास."

मॅडमनी आईला हात जोडून विनवलं, आता पुन्हा मशीन लावू नका. पण इतकी सलग वंशावळ दगडावर कोरलेली मिळते कुठे, असंही म्हणाल्या आणि पुतळा रीतसर नोंदवून घेतला. सहा महिन्यांत गोरीबाई ताठ मानेनं घरी येणार आहे. त्या दुपारी आईनं दोन भाकरी खाल्ल्या. मला भरून आलं, खरं सांगतो.

जेवता जेवता तिनं जाहीर केलं की तिच्यामागं गोरीबाई नातीला, म्हणजे माझ्या तेजश्रीला. फक्त तेवढं कागदावर लिहायचं. मी हळूच विचारलं, घरात माझं नाव कशावर आहे का?

"हाय की. बारशाच्या चांदीच्या वाटीवर."

मी कपाट उपसून वाटी काढली, राखेनं लख्ख घासली. तिच्यावर लिहिलं होतं, 'शहादेवमामाकडून सप्रेम भेट.'