हौसाआत्याची बाजाराची पिशवी

हौसाआत्याला रिकाम्या हातानं चालताना मुळशीत कुणी पाहिलं नव्हतं. पाण्याला निघाली तरी डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी आणि काखेत एक बोचकं. बोचक्यात काय, तर सुतळी, सुई, हळकुंड, एक कांदा, चार चिंध्या आणि काडेपेटी. पाण्याला जाताना काडेपेटी कशाला, असं मी एकदा विचारलं. "असू दे. लागतंय," ती म्हणाली आणि चालायला लागली. पुढच्याच आठवड्यात पाणवठ्यावर माझ्या पायात बाभळीचा काटा मोडला आणि तो काढण्यासाठी सुई तापवायला तीच काडेपेटी लागली, हे मला कबूल करावं लागतं.

"असू दे. लागतंय" हे तिचं कुठल्याही प्रश्नाला उत्तर होतं. पाटलांकडे तिसरी नात झाली तेव्हा घरातली माणसं तोंडं पाडून ओट्यावर बसली होती. आत्या रस्त्यानं चालली होती, थांबली, काय झालं ते विचारलं आणि "असू दे की. लागत्यात," म्हणून पुढं गेली. पाटलांना याचा राग आला, पण तिच्यावर रागावून उपयोग नसतो हे त्यांनाही ठाऊक होतं.

ती गावची लेक. लग्नानंतर चार वर्षांत नवरा गेला, पोटी मूल नव्हतं, म्हणून भावाच्या घरी परत आली आणि लहानथोर सगळ्यांची आत्या झाली. भाऊ भला माणूस. दर भाऊबीजेला बहिणीला नवं लुगडं घ्यायचा. आत्या मात्र बारा महिने दोन तुकडे जोडून दंड घातलेल्या जुन्या लुगड्यात, अर्धं हिरवं आणि अर्धं विटक्या लाल रंगाचं. "लुगडी जात्यात तरी कुटं, ह्येच कळत न्हाई मला," असं तो आमच्या गुरुजींजवळ कुरकुरे. मला वाटे, बाई चिकट आहे, ट्रंकेत साठवत असेल.

गुरुजी म्हणजे माझे यजमान. आणे जाऊन नवे पैसे आले त्या सुमाराला त्यांची मुळशीच्या शाळेवर बदली झाली आणि आम्ही आत्याच्या भावाच्या शेजारी बिऱ्हाड थाटलं. वर्षभरात मला दिवस गेले. पहिल्या खेपेला मुली माहेरी जातात, पण माझी आई मी लहान असतानाच गेलेली. सासूबाई तिकडे खानदेशात अर्धांगानं खाटेवर. म्हणजे मला बाईमाणूस असं कुणी नव्हतंच. मी सातवी फायनलची परीक्षा पास झालेली, वर्तमानपत्र वाचणारी बाई, त्यामुळे मी भ्यालेली आहे हे कुणाला दिसू द्यायचं नाही असं ठरवून वावरत होते.

सातवा महिना लागला आणि एका सकाळी कुंपणापलीकडून आत्याचा आवाज आला, "मास्तरीणबाई, बाजार कदी हाय तुमचा?"

गुरुजी दाढी करत होते. त्यांनी साबणाच्या तोंडानं सांगून टाकलं की बाजाराला अजून चार दिवस आहेत. आत्यानं त्यांच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की पुढं दोन दिवस ते मला विचारत होते, मी काही चुकीचं बोललो का.

भानगड अशी होती. बाळंतपणाची तयारी आधीपासून करू नये, बोलू तर मुळीच नये, दृष्ट लागते, असं गावात सगळे मानत. आत्याही मानायची. पण तयारी केल्याशिवाय तिला घास गिळवत नसे. म्हणून तिनं यावर तोड काढली होती. बाळंतपण म्हणजे बाजार, दवाखाना म्हणजे पेठ आणि मूल म्हणजे माल. ऐकणाऱ्या कुणाचीही, अगदी देवाची सुद्धा, फसगत झाली पाहिजे. "माल आज हलला का?" असं ती भररस्त्यात खुशाल विचारायची आणि मी हो म्हणायची.

गावात बहुतेक बायका घरीच बाळंत होत. अडलेली, नाहीतर डॉक्टरनं सांगितलेली एखादीच एसटीनं पुण्याला जाई. तिची पिशवी भरायचं काम आत्याचं, ते कुणी तिला दिलेलं नव्हतं आणि कुणी काढूनही घेतलं नव्हतं. माझ्यासाठी तिनं मांजरपाटाची एक पिशवी शिवली. मग कापड जमवायला सुरुवात झाली. नवं कापड पोराला टोचतं, जुनंच हवं. प्रत्येक तुकडा ती आधी स्वतःच्या गालावर घासून बघायची, डोळे मिटून, आणि मग "चालतंय" नाहीतर "ह्ये भांडी पुसायला घ्या" असा निकाल द्यायची. माझ्या सगळ्या साड्या भांडी पुसायच्या निघाल्या. गुरुजींचं धोतर मात्र पसंत पडलं. ते दोरीवर वाळत होतं, तिथूनच गेलं. दोन दिवसांनी शाळा तपासायला साहेब आले तेव्हा गुरुजी पायजम्यात उभे होते आणि त्यांच्या धोतराचे अकरा लंगोट आणि एक दुपटं झालं होतं.

पिशवीत पुरचुंड्या होत्या: ओवा, सुंठ, वेखंड, बाळंतशेपा, काजळाची डबी. प्रत्येक पुरचुंडीला गाठी वेगळ्या. ओव्याला एक, सुंठीला दोन, वेखंडाला तीन. दिवा असो नसो, हाताला कळलं पाहिजे. दुपारी भांडी झाली की ती मला ओट्यावर बसवायची. "डोळं मिटा. आता ववा काढा." मी चाचपडून वेखंड काढायची. "वेखंड पाजताय व्हय वव्याच्या जागी?" की पुन्हा पहिल्यापासून. परीक्षेलाही मी इतका अभ्यास केला नव्हता.

तिनं गुरुजींनाही सोडलं नाही. त्यांनी पिशवी उचलून एसटीच्या थांब्यापर्यंत किती वेळात जायचं, याची तालीम सुरू झाली. केव्हाही कुंपणावरून "गाडी आली" अशी हाक यायची आणि त्यांनी हातातलं टाकून पळायचं. एकदा ते निम्मी दाढी झालेल्या तोंडानं थांब्यावर जाऊन उभे राहिले, तर गाडी खरोखरच आली आणि कंडक्टर त्यांना आत घ्यायला लागला.

पिशवीच्या तळाशी एक वेगळं गाठोडं होतं, सुतळीनं आवळलेलं. त्यात काय आहे ते ती सांगत नव्हती. "तळाचं राहू द्या. लागतंय," एवढंच.

नवव्या महिन्यात पौडच्या डॉक्टरांनी तपासलं आणि त्यांचा चेहरा बदलला. मूल पायाळू होतं, डोकं वरच्या बाजूला. आठ दिवस आधीच पुण्याच्या दवाखान्यात जाऊन राहा, म्हणाले, आणि सोबतीला बाईमाणूस न्या, पुरुषाला आत घेत नाहीत.

सोबतीला कोण, हा प्रश्न आला तेव्हा माझ्या ओठांवर पहिलं नाव आत्याचं होतं. पण ते बाहेर पडायच्या आधीच पाटलीणबाई आल्या आणि मी येते म्हणाल्या. बोलता बोलता त्यांनी मला समजावलं की हौसाआत्या माणूस सोन्यासारखी, तिनं भरलेली पिशवी घ्यावी, पण असल्या वेळेला तिला संगं नेत नाहीत. कपाळ पांढरं आणि कूसही उजवलेली नाही. आजवर तिनं बाराजणींच्या पिशव्या भरल्या, पण एकीनंही तिला नेलं नव्हतं. पाटलीणबाईंच्या सुनेनंही नाही. वर त्या हसून म्हणाल्या, "तळाला येक नवं लुगडं घालती बगा ती. नवं कापड दुपट्याला कसं चालंल? आमी आपलं फाडून सुनेचं पोट बांदलं. मिश्री बी घातली हुती, ती लावली आमी."

यात कुणालाच काही वावगं वाटलं नव्हतं. गावात सगळ्याच बायका मिश्री लावत.

मी वर्तमानपत्र वाचणारी बाई. मी म्हणायला हवं होतं की हे असलं मी मानत नाही. पण पोटातलं मूल उलटं होतं, मी घाबरले होते आणि गप्प बसले. आयुष्यात मी पुष्कळदा गप्प बसले आहे, पण त्या गप्प बसण्याची लाज मला अजून वाटते.

दुसऱ्या दिवशी आत्या पिशवी शेवटची बघायला आली. गाठी तपासता तपासता, मान वर न करता तिनं विचारलं, "बाजाराला संगं कोण हाय?"

"पाटलीणबाई येताहेत," मी म्हटलं.

"बरं," म्हणाली. मग चांगली घट्ट बसलेली ओव्याची गाठ तिनं सोडली आणि पुन्हा बांधली.

निघायच्या दिवशी सकाळी आभाळ भरून आलं. भात कापून खाचरात पसरलेलं, त्यावर पाऊस आला तर वर्षाचं पीक जाणार. पाटलीणबाईंचा निरोप आला की काही झालं तरी आज घर सोडता येत नाही. त्यांचंही बरोबरच होतं. त्या दिवशी गावातली हात हलवू शकणारी प्रत्येक बाई खाचरात होती. एसटीच्या थांब्यावर मी, गुरुजी आणि पिशवी घेऊन आलेली हौसाआत्या, एवढेच.

गाडी आली. गुरुजींनी मला जपून चढवलं. आत्यानं खिडकीतून पिशवी आत दिली आणि खिडकीपाशीच उभी राहिली. कंडक्टर खाली उतरून ड्रायव्हरशी काही बोलत होता, त्यामुळे गाडी जराशी थांबली. तेवढा वेळ आम्ही एकमेकींकडे बघत होतो. "चला" एवढाच शब्द मला म्हणायचा होता. मी म्हटलं, "येते, आत्या."

"बेतानं जावा," ती म्हणाली. "तळाचं गाठूडं टाकू नगा. लागतंय." गाडी हलली.

पुण्यातल्या सरकारी दवाखान्यात वॉर्डाच्या मोठ्या सिस्टर उंचनिंच आणि कडक होत्या. सोबतीला बाई नाही म्हटल्यावर त्यांनी गुरुजींना दारातूनच फैलावर घेतलं. मग माझी पिशवी खाटेवर पालथी केली. गाठी बघून मान हलवली, लंगोटाचं कापड चोळून बघितलं आणि म्हणाल्या, जिनं कुणी ही पिशवी भरली तिला अक्कल आहे. शेवटी तळाचं गाठोडं सोडलं.

नऊवारी लुगडं निघालं, कोरं, घडी न मोडलेलं. एक चोळी, लाकडी फणी आणि मिश्रीची डबी.

"तंबाखू चालत नाही इथं," सिस्टर म्हणाल्या. "मिश्री लावता तुम्ही?"

मी नाही म्हटलं.

त्यांनी चोळी उचलून माझ्यासमोर धरली. ती माझ्या अंगाला निम्मीसुद्धा आली नसती. फणी उलटसुलट केली. तिच्या दातांत एक लांब पांढरा केस होता.

"बाई, ही पिशवी दोघींची भरलेली आहे," सिस्टर म्हणाल्या. "एक तुम्ही. दुसरी कुठं आहे?"

मी त्या लुगड्याकडे बघत बसले. भावानं भाऊबीजेला घेतलेली लुगडी कुठं जात होती, ते मला कळलं. बाराजणी पुण्याला गेल्या, बाराही वेळा ही बाई आपले कपडे बांधून तयार होती, आणि बारा वेळा कुणी तरी ते फाडून पोट बांधलं. ती तोंडानं कधी विचारणार नव्हती. आपल्याला नेत नाहीत हे तिला माहीत होतं. पण ऐन वेळी एखादीनं चल म्हटलंच, तर उशीर नको म्हणून तिनं आपली तयारी करून ठेवलेली. मला रडू फुटलं. सिस्टरना वाटलं कळा सुरू झाल्या.

मी पदर सावरत दारापर्यंत गेले. गुरुजी बाकावर बसले होते. "अहो," मी म्हटलं, "आत्ताच्या आत्ता मुळशीला जा आणि हौसाआत्याला घेऊन या." त्यांनी काय सांगू म्हणून विचारलं. म्हटलं, मी बोलावलंय म्हणून सांगा, दुसरं काही नको.

वाचणाऱ्याच्या जिवाला घोर नको म्हणून पुढचं आताच सांगून टाकते. चार दिवसांनी मुलगी झाली, पायाकडूनच आली, पण आली सुखरूप. सिस्टरनी तिला गुरुजींच्या धोतराच्या दुपट्यात गुंडाळून पहिल्यांदा आत्याच्याच हातात दिलं. आज त्या मुलीला स्वतःच्या मुली आहेत. पण मला खरी आठवण राहिली आहे ती गुरुजी मुळशीला गेले त्याच्या दुसऱ्या दिवसाची.

सकाळी दहाच्या सुमाराला गुरुजी दाराशी दिसले आणि त्यांच्या मागून आत्या आली. तेच हिरवं-लाल लुगडं, पायात भावाच्या वहाणा. वॉर्डभर खाटा आणि पाळणे बघून ती दारातच थबकली. मग मी दिसले तशी सरळ चालत आली. काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं, पण काय ते मला पटकन कळेना. कळलं तेव्हा ती खाटेशी पोचली होती. तिच्या काखेत बोचकं नव्हतं.

"आत्या," मी म्हटलं, "आज रिकाम्या हातानं आलात?"

तिनं खाटेखालच्या पिशवीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"पुडं पाटवलंय न्हवं, पोरी," ती म्हणाली.