धूरमुक्त विभाग आणि आईची वही

तक्रारीचा फोन जेवणाच्या सुट्टीत आईकडे द्यायचा, एवढाच निर्णय मी घेतला होता. दुपारी एक ते दोन माणसाला शांतपणे चार घास खाता यावेत, यात कुणाचं काही बिघडेल असं मला वाटलं नव्हतं.

मी नगरपालिकेत कचरा निरीक्षक. उघड्यावर कचरा जाळणाऱ्यांना आणि कोपऱ्यावर पिशव्या फेकून पसार होणाऱ्यांना पकडून दंड करायचा, हे माझं काम. नेमणूक सहा महिन्यांची. काम पटलं तर कायम, नाहीतर घरी. पर्यावरणशास्त्रात मी कॉलेजात पहिला आलो होतो (या विषयाला आम्ही चौघं होतो), त्यामुळे देश सुधारायला सहा महिने पुष्कळ झाले असा माझा अंदाज होता.

पहिल्याच आठवड्यात मी पाचशे पत्रकं छापून घेतली: ‘कचरा जाळू नका. जाळणारा दिसल्यास या नंबरवर कळवा.’ फोन वाजू लागले. बहुतेक नेमके माझ्या जेवणाच्या वेळी. कुणाचा होता विचारलं की आई म्हणायची, चौकशी होती. चौकशी म्हणजे जागृती. मी अहवालात लिहायचो: नागरिकांचा उत्स्फूर्त प्रतिसाद, आज तेवीस फोन.

आणि खरंच, माझ्या फेरीत धुराची रेघसुद्धा दिसेना. राखेचे ढीग दिसायचे (पण राख म्हणजे भूतकाळ, असं मी मानत होतो). जेवताना मात्र कुठूनतरी जळका वास यायचा. आई उठून खिडकी लावायची, दोरीवरचे कपडे आत आणायची आणि म्हणायची, तू जेव. मी जेवायचो.

सहावा महिना संपत आला तेव्हा मी माझा विभाग धूरमुक्त झाल्याचं कळवून टाकलं. कायम करायच्या कागदावर सही करण्याआधी मोठे साहेब स्वतः पाहणीला आले. फेरी झकास झाली. एक वाजला म्हणून मी त्यांना आग्रहाने घरी जेवायला आणलं. आम्ही पानावर बसतोय तोच फोन वाजला. आईचे हात ओले होते. जागरूक नागरिकाचा आवाज साहेबांनीही ऐकावा म्हणून मी स्पीकर लावला.

“मावशी, पोरगा बसला का जेवायला?”

“बसलाय,” आई स्वयंपाकघरातूनच म्हणाली, “पण आज नको. मोठे साहेबही बसलेत.”

“मग पालापाचोळा उद्या पेटवू?”

“उद्या तुमच्या गल्लीत न्हाव्याचा वार आहे. तू परवा पेटव. आणि ओला पाला आणू नकोस, फार धूर होतो.”

साहेबांनी घास ताटात ठेवला. मी घाईने स्पीकर बंद केला.

आईचं म्हणणं सरळ होतं. लोक विचारायचे, पोरगा कुठे आहे. ती खोटं कशाला बोलेल? पण सगळे एकदम पेटवायला लागले तर तिचे कपडे वाळायचे कधी? म्हणून तिने घराघराला वार लावून दिले होते. विसरायला नको म्हणून दुधाच्या वहीत मागच्या बाजूने लिहूनही ठेवलं होतं.

साहेबांनी वही मागवली. नाव, घर, वार, काय जाळतो. पुढच्या पानावर पिशव्या कोण, कुठे, किती वाजता फेकतो. माझ्या पावतीपुस्तकाचं एकही पान फाटलं नव्हतं आणि आईकडे चाळीस गुन्हेगार ओळीने उभे होते.

“तुमच्या आईंचं वय काय?” साहेबांनी विचारलं. मी सांगितलं. ते हळहळले.

मग म्हणाले, यातल्या प्रत्येकाला आज संध्याकाळपर्यंत पावती गेली तर सही करतो. एक जरी सुटला तरी नाही.

आई पदराला हात पुसत बाहेर आली. “आता मला अख्ख्या वस्तीची बोलणी खायचीत. पहिली पावती आपल्या घराची फाड, म्हणजे कुणाला तोंड उघडता येणार नाही.” तिने वहीतली शेवटची ओळ दाखवली: रविवार सकाळ, आम्ही, उरलेली पत्रकं. साडेचारशे पत्रकांनी कपाट अडवलं होतं, असं ती म्हणाली.

मी पहिली पावती लिहायला घेतली. जाळणाऱ्याचं नाव: आई. माहिती देणाऱ्याचं नाव: आई. शेवटचा रकाना होता, ‘गुन्हा घडताना निरीक्षक कुठे होते?’

मी थांबलो. साहेब वहीत डोकावले आणि म्हणाले, “लिहा ना, तेही त्यांनी टिपलंय.”

मी लिहिलं: अंघोळीला.