मुळे सरांच्या समुद्राची हजेरी

मुळे सरांच्या समुद्रात मी टँकरचं पाणी ओतलं. एकदा नाही. सलग पाच दिवस, रोज सकाळी, चष्मा लावून, काचेवरची खूण नीट बघून.

संभाजीनगरात समुद्र कुठला, असं तुम्ही विचाराल. रास्त आहे. आमच्या बीड बायपासकडे जिथं परवापरवापर्यंत ज्वारी उभी असायची तिथं आता अपार्टमेंटं उभी आहेत. पाणी ज्वारीच्या वेळीही नव्हतं, आताही नाही. नळ आठवड्यातून एकदा येतो, तोही सांगून येत नाही. बाकी सगळं टँकरवर. अशा ठिकाणी, तिसऱ्या मजल्यावर, मुळे सरांच्या हॉलमध्ये चार फुटी काचेच्या टाकीत समुद्र आहे. जिथं समुद्र आहे तिथं आधी सोफा होता. सोफा गेला, मागोमाग स्कूटर गेली. वर्तमानपत्रही बंद झालं, तेव्हापासून सर आमचं वाचतात, आमच्याआधी.

टाकीत मासे दोनच. बाकी सगळे प्रवाळ. प्रवाळ म्हटलं की मला अंगठीतलं पोवळं आठवायचं आणि सोबत ते घालायला सांगणारा ज्योतिषी. सरांचे प्रवाळ जिवंत. निळ्या दिव्याखाली ते फुलतात, डुलतात, बोटं हलवतात. हल्ली त्यांची लई फॅशन आहे म्हणे. बाजारात नावं अशी की पैलवानांची कुस्ती लागल्यासारखं वाटावं: कुणी ड्रॅगन, कुणी हातोडा, कुणी मशाल. भाव डोक्यावर. एक डोकं म्हणजे अंगठ्याएवढा तुकडा. भूगोलाच्या निवृत्त शिक्षकाच्या पेन्शनीत वर्षाला एखादं डोकं बसतं.

"घाई करायची नाय, पाठक," सर मला सांगायचे. "एक डोकं आणायचं, सांभाळायचं. दुसरं त्याचं त्यालाच फुटतं." आणि मग न विचारता, "चोरीचा माल नाय. परदेशात टाकीतच वाढवलेले आहेत. कागद आहेत." हे कागद फ्रेम करून लग्नाच्या फोटोशेजारी लावलेत. पाहुण्याला आधी ते वाचावे लागतात, मग पाणी मिळतं.

पण सरांचा खरा नमुना संध्याकाळी पाचला बघायचा. निळे दिवे लागले की सर टाकीसमोर खुर्ची घेतात, मांडीवर शाळेतलं असतं तसं लांबडं हजेरीपुस्तक उघडतात आणि खड्या आवाजात सुरू करतात.

"गायकवाड विलास!"

कोपऱ्यातला हिरवा गोळा हळूहळू फुलतो.

"हजर. शेख रफिक! नुसता डुलतोय, अभ्यासाच्या नावानं बोंब. हजर. साळवे मंदा! हजर. राठोड बन्सी!"

राठोड बन्सी म्हणजे ती सोनेरी मशाल, टोकाला हिरवी. स्कूटर त्याच्यासाठीच गेली होती. तो सगळ्यात शेवटी फुलायचा आणि सर सगळ्यात जास्त वेळ त्याच्यासाठी थांबायचे. प्रत्येकाला बाजारातलं नाव खोडून सरांनी बिडकीनकडच्या शाळेतल्या एकेका पोराचं नाव दिलं होतं. मी आमच्याकडे येणाऱ्याजाणाऱ्याला ही हजेरी नक्कल करून दाखवायचो. लोक हसायचे. माझी नक्कल चांगली होते.

त्या वर्षी पाऊस रुसला. एप्रिलात सर आणि काकू भाच्याच्या लग्नाला परभणीला पाच दिवस निघाले. समुद्राच्या किल्ल्या माझ्याकडे आल्या. सोबत तीन पानांच्या सूचना, त्यातली पहिली लाल शाईत: 'उष्म्यानं पाणी उडतं, मीठ खाली राहतं. म्हणून रोज खुणेपर्यंत फक्त गोडं पाणी घालणे. फक्त कॅनमधलं.' फिल्टरचं थेंबथेंब साठवलेलं ते पाणी वीस-वीस लिटरच्या दोन कॅनमध्ये, पंख्याखाली, मुलं झोपवावीत तसं ठेवलं होतं.

पहिल्या दिवशी मी कॅन उचलला आणि माझा हात थांबला. खाली जिन्यात टँकरवरून भांडणं चाललेली. आमच्या घरी मडक्याला तळ दिसतोय. आणि मी हे अमृतासारखं पाणी खाऱ्या पाण्यात ओतणार? माझा जन्म मराठवाड्यातला. माझा हात वळेना. शेवटी पाणी ते पाणी, असा मी विचार केला, आणि तो विचार मला त्या वेळी फार थोर वाटला. दोन्ही कॅन आमच्या स्वयंपाकघरात आले. समुद्रात टँकर गेला.

ते पाच दिवस आमच्याकडे चहा असा झाला की काय सांगू! तूरडाळ, जी टँकरच्या पाण्यात सहा शिट्ट्यांनाही दाद देत नाही, ती दुसऱ्या शिट्टीला विरघळली. मी स्वतःवर खूश होतो. प्रवाळ आखडल्यासारखे दिसत होते, पण मला वाटलं, सर नाहीत म्हणून रुसलेत.

सर-काकू परतले त्या दुपारी, दमून आलेल्या शेजाऱ्यांना द्यावा तसा मी डबा नेला. वरण-भात, वर तूप. काकूंनी वरणाचा एक घास घेतला आणि चमचा खाली ठेवला.

"पाठक भावजी, वरण लोण्यावाणी झालंय हो. कोणत्या पाण्यात शिजवलं?"

"पाण्यातच," मी म्हणालो.

"टँकरच्या जड, क्षाराच्या पाण्यात अशी डाळ शिजत नाय. तीस वर्षं शिजवतेय मी या गावात." काकूंनी पंख्याखाली पाहिलं. कॅन नव्हते. मग टाकीकडे पाहिलं. "अहो! जरा इकडं या बरं!"

सर आले. काचेला नाक लावून उभे राहिले. मला वाटलं, ओरडतील. मी ओरडा खाण्याची पूर्ण तयारी केली होती, चेहराही तसा करून ठेवला होता. सरांनी खुर्ची घेतली आणि पाच वाजायच्या आधीच हजेरीपुस्तक उघडलं.

गायकवाड अर्धा फुलला. शेख उशिरानं. साळवे मंदा कशीबशी. राठोड बन्सी नाही. सोन्याच्या मशालीच्या जागी दगडाला चिकटलेला तपकिरी लगदा होता.

"मेला का?" मी विचारलं. माझी जीभ अशीच आहे.

"गैरहजर," सर म्हणाले, आणि तसं लिहिलं.

पुढचे तीन-साडेतीन आठवडे मी पाणी वाहिलं. नळ आला की आधी आमच्या वाट्याचे चार कॅन सरांच्या फिल्टरला, मग आमची अंघोळ, उरलं तर. लिफ्ट बंद, मजले तीन, माझी कंबर एक. सर थोडं थोडं पाणी बदलत राहिले. आणि रोज पाचला हाक मारत राहिले. "राठोड बन्सी!" थांबायचे. पंप गुरगुरायचा. "गैरहजर." पुढचं नाव.

"आता खोडून टाका म्हणावं ते नाव," एकदा मी स्वयंपाकघरात काकूंना हळूच म्हणालो. "मलाच ऐकवत नाही."

काकू भाकरी थापत होत्या. हात थांबला नाही.

"खोडणार नायत. शाळेत होते तेव्हा कोरड्या वर्षी दिवाळी झाली की निम्मा वर्ग ऊसतोडीला जायचा, आईबापामागं. हेडमास्तर म्हणायचे, नावं कमी करा. ह्यांनी नाय केली. रोज रिकाम्या बाकाला हाक मारायचे. लोक हसायचे, तुम्ही नक्कल करता तशी करायचे." मी भाकरीकडे बघत राहिलो. "फाल्गुनात पोरं यायची, तर नाव पटावर असायचं. राठोड दोन वर्षं आला. नकाशा लई देखणा काढायचा. समुद्राला निळा खडू पुरायचा नाय त्याला. तिसऱ्या वर्षी नाय आला."

"मग?"

"मग काय? हाक मारतात की अजून."

त्यानंतर मी नक्कल केली नाही. पाचला कॅन ठेवून निघून न जाता दाराशी उभा राहू लागलो.

तेविसाव्या की चोविसाव्या दिवशी सरांनी हाक मारली, थांबले, आणि पेन टेकवलंच नाही. लगद्यातून एक बोट बाहेर आलं होतं. एकच, शेवयीएवढं, पण टोकाला हिरवं. पाण्यात ते जरासं हललं.

सरांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला, परत लावला. "हजर," म्हणाले. इतक्या हळू की ते लिहिताना दिसले म्हणून मला कळलं. काकू आतून आल्या, बघितलं, आणि परत आत गेल्या. आत बराच वेळ भांडं वाजलं नाही.

 सरांनी पान उलटलं आणि पुढचं नाव घेतलं.

"पाठक श्रीधर!"

मी दचकलो. वाकून पाहिलं. यादीच्या शेवटी, ताज्या शाईत, खरंच माझं नाव होतं. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मला कुणीतरी पटावर घेतलं होतं. मी भरल्या आवाजात म्हणालो, "हजर, सर!" आणि टाकीकडे दोन पावलं पुढं झालो.

सरांनी पुस्तकातून मान वर केली नाही.

"उशिरा आलात. तिथंच मागं उभं राहा. हात खिशात."