नानांच्या डब्यातली केळी

आमचे नाना दुपारच्या डब्यात केळ्याच्या चकत्या आणतात आणि त्या काळ्या पडल्याशिवाय खात नाहीत. जळगावच्या आमच्या दवाखान्यात ते वॉर्डबॉय आहेत. वय साठीला टेकलं, तरी बॉयच. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या खोलीबाहेर टेबलावर डबा उघडा ठेवतात आणि 'प्राणवायू वाढवा' म्हणणाऱ्या प्रत्येक नातेवाइकाला चकती दाखवतात. "हाई पाहा. नुसती हवा लागनी, तं हाई गत. बाळनं डोकं यानापेक्षा नाजूक शे."

ती माणसं केळीच्या बागांतली. त्यांना हे केळं शिकवतात!

मी तिथे झाडू-फरशी करते. चारचौघांत तोंड उघडत नाही, म्हणून इथे लिहिते: मला ह्या माणसाचा फार राग आहे.

चोपड्याच्या एका आजीचा नातू सातव्या महिन्यात झालेला. तिने माझे पाय धरले, थोडी हवा वाढव म्हणाली. मला वाटलं, हवाच तर आहे. मी कळ जराशी फिरवली. नाना धावत आले, सिस्टरला बोलावून कळ मागे घ्यायला लावली आणि सगळ्यांसमोर ओरडले, "तुले कोनी सांगं? डोकं जाळशी का त्यानं?"

बाळाला काही झालं नाही. डॉक्टरबाईंनी समजावलं, प्राणवायू कमी पडला तर जीव जातो, जास्त झाला तर मेंदू-डोळ्यांना आतून जाळतो. ती आग विझवणारे एन्झाइम पोटातल्या शेवटच्या महिन्यांत तयार होतात, ह्या बाळांकडे ते पुरेसे नसतात. मला पटलं. पण बाई न ओरडता सांगतात, मग ह्यांनाच काय झालं? आठ दिवस मी नानांच्या टेबलाखाली झाडलं नाही.

काल फाटकाशी पंचविशीची एक मुलगी पांढरी काठी घेऊन उभी होती. नानांची लेक. आपणहून बोलली. तीही सातव्या महिन्यातली. ती जन्मली त्या दवाखान्यात तेव्हा हवा कुणी मोजत नव्हतं. बापानेच डॉक्टरांच्या पाया पडून वाढवून घेतली होती. डब्यातल्या चकत्या रोज सकाळी तीच करते, बोटांनी चाचपून.

नाना आले. तिने रिकामा डबा हाती घेतला आणि बापाला विचारलं, "दादा, केळं काळं तं नही पडनं ना?"

"नही बेटा. दूधसारखं पांढरं व्हतं."

आज मी टेबलाखाली झाडलं. चकत्या काळ्या पडण्याआधी डब्यावर झाकणही लावलं. तर पुन्हा माझ्यावरच ओरडले.